एक अक्षर, बारा वाचने

श्रोतेहो, नमस्कार. जे अक्षर डोळ्यांनी पाहायचे ते रेडिओवरून शिकवायला बसणे हा थोडा आगाऊपणाच आहे. तरीही जवळ कागद आणि पेन्सिल असेल तर हाती घ्यावी, कारण आजची कान्जी, म्हणजे जपानी लिपीतले चिनी मुळाचे चित्राक्षर, अवघ्या पाच रेघांची आहे.

डावीकडे वर एक छोटी तिरकी रेघ काढा, डावीकडे खाली उतरणारी. तिच्या मध्यापासून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. तिसरी रेघ उभी. ती या आडव्या रेघेच्या वरून निघून तिला छेदत पार खाली येते. चौथी पुन्हा आडवी आणि जरा आखूड. पाचवी सर्वांत लांब, जमिनीसारखी, आणि उभी रेघ तिच्यावर येऊन टेकते. मातीतून वर आलेल्या कोंबाचे हे मूळ चित्र. जन्म, जगणे, उगवणे आणि कच्चेपणा हे सारे अर्थ त्या कोंबातूनच फुटले आहेत.

जपानी मुले पहिलीच्या वर्गात 80 कान्जी शिकतात, त्यांत ही असते. प्राथमिक शाळा संपेपर्यंत ती संख्या 1026 होते, आणि सरकारने 2010 मध्ये सुधारलेल्या नित्य वापराच्या यादीत 2136 कान्जी आहेत. या आकड्यांनी दडपून जाण्याचे कारण नाही. खरी अडचण संख्येची नसून वाचनाची आहे, आणि तिच्याकडे मी येतोच.

त्याआधी लिहिण्याविषयी थोडे. माझी पहिली वही चौकोनांची होती आणि तिच्यात मी ही कान्जी ओळीने वीस वेळा गिरवली होती. बाईंनी वही पाहिली आणि प्रत्येक चौकोनात एकाच जागी लाल खूण केली, कारण मी पहिली तिरकी रेघ थांबवून संपवत होतो. ती थांबवायची नसते. हात उचलता उचलता निमुळती सोडायची असते. आडव्या आणि उभ्या रेघा मात्र ठाम थांबवायच्या. रेघांचा क्रमही ठरलेला असतो. या कान्जीत चीनमध्ये दोन आडव्या रेघा आधी येतात आणि मग उभी, तर जपानी शाळेत उभी रेघ तिसरी येते. हा फरक किरकोळ वाटेल, पण भरभर लिहिलेल्या हस्ताक्षरात रेघा एकमेकींना जिथे जोडल्या जातात, तिथे तो क्रमच अक्षराचे वळण ठरवतो.

आता वाचन. नित्य वापराच्या त्या यादीत या एकाच कान्जीची बारा वाचने दिली आहेत. नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, एकाच अक्षराचे इतके उच्चार कसे? पण आपण मराठी माणसांनी तरी हे विचारू नये. इमारतीच्या जिन्यापाशी दोनचा आकडा आणि त्यापुढे ‘रा’ लिहिलेला असतो. तो आपण ‘दोनरा’ असा वाचत नाही, बिनदिक्कत ‘दुसरा’ म्हणतो. एकापुढे ‘ला’ आला की पहिला, चारापुढे ‘था’ आला की चौथा. शेपटीच्या अक्षरावरून आकड्याचा उच्चार ठरतो. जपानीत हेच घडते. आपल्या कान्जीपुढे ‘किरु’ आले की इकिरु, म्हणजे जगणे. ‘मारेरु’ आले की उमारेरु, म्हणजे जन्मणे. ‘एरु’ आले की हाएरु, म्हणजे दाढी, दात किंवा गवत उगवणे. ‘इकेबाना’ या शब्दातला ‘इ’ सुद्धा हिचाच.

ही झाली देशी वाचने. चीनहून आलेली वाचने दोन, सेइ आणि शो, आणि ती बहुधा जोडशब्दांत ऐकू येतात. गाकुसेइ म्हणजे विद्यार्थी. सेन्सेइ म्हणजे शिक्षक, शब्दशः ‘आधी जन्मलेला’. शो हा उच्चार जुना, म्हणून बौद्ध परंपरेतल्या शब्दांत तो टिकला आहे. जन्म, जरा, व्याधी, मरण ही चौकडी जपानीत शो-रो-ब्यो-शी अशी म्हटली जाते. वाढदिवसाला तान्जोबी म्हणतात. तिथे आधीच्या ‘न’च्या शेजारामुळे शोचा जो झाला, जसा आपल्याकडे ‘वाक्’चा वाग्देवीत ‘वाग्’ होतो. मी एका शुभेच्छापत्रातला हा शब्द मोठ्याने ‘तान्सेइबी’ असा वाचला होता. कोणी हसले नाही. जपानी सौजन्य असे की चूक कळायला मला आठवडा लागला.

म्हणून बारा वाचनांची यादी घोकू नये, शब्द शिकावेत. आज बहुतेक लेखन कळफलकावर होते. उच्चार टाइप केला की यंत्र पर्याय पुढे ठेवते. ‘सेइका’ टाइप करा, फळ या अर्थाने निष्पत्ती, ऑलिंपिकची ज्योत, ऐन उन्हाळा, ताजी फुले अशा कितीतरी कान्ज्या समोर येतात. त्यांतून नेमकी जोडी निवडायला डोळा तयार लागतो. पुण्यात बरेच विद्यार्थी जी जपानी प्राविण्य परीक्षा देतात तिच्यात हाताने कान्जी लिहावी लागत नाही, त्यामुळे लिहिण्याचा सराव मागे पडतो. माझ्यापुरते सांगतो: जी कान्जी हाताने लिहिली, तिच्यासारखी दिसणारी दुसरी समोर आली तरी मी फसत नाही.

शेवटचे वाचन ‘नामा’, म्हणजे कच्चे. कच्चे अंडे ते नामा-तामागो, पिंपातून थेट ओतलेली बिअर ती नामा-बीरु. आणि जे प्रक्षेपण घडते आहे त्याच क्षणी ऐकू येते, ते नामा-होसो, कच्चे प्रक्षेपण. आजचे हे भाषण आधी ध्वनिमुद्रित केलेले आहे, तेव्हा त्याला तो शब्द लागू पडत नाही.