खबर कुठे अडते?

(श्रीवर्धनच्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मला विषय दिला आहे ‘राष्ट्रीय सुरक्षा धोरण आणि आंतरराष्ट्रीय दहशतवाद’. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस पहिली पंधरा मिनिटं हमखास न्यूयॉर्कला जाऊन येतो. मी आधी हरिहरेश्वरला जातो.

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. आत माणूस नाही, तीन एके-४७ रायफली आहेत. तुम्हाला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल; मुंबईपर्यंत नाकाबंदी लागली होती. भरडखोलला एक लाइफबोटही सापडली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन. जूनमध्ये ओमानजवळ इंजिन बंद पडलं, खलाशांना एका कोरियन युद्धनौकेनं वाचवलं आणि खवळलेल्या समुद्रात बोट तशीच सोडून द्यावी लागली. पुढचं काम पावसाळी समुद्रानं केलं. घातपात नाही म्हटल्यावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि दहीहंड्या फुटल्या.

मला मात्र ती बोट अजून छळते. कुणीही चालवत नसलेली बोट ओमानकडून वाहत वाहत येते, आणि ती आल्याचं आपल्याला कधी कळतं? वाळूत रुतल्यावर.

आणि आली कुठे, तर याच तालुक्यात. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. ते आरडीएक्स अदृश्य होऊन गेलं नाही. रस्त्यानं ट्रकमधून गेलं, आणि रस्त्यावर ते अडवायची ज्यांची नोकरी होती त्यांनी पैसे घेऊन जाऊ दिलं. विशेष न्यायालयानं कस्टमचे अधिकारी आणि पोलीस, दोघांनाही दोषी धरलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बहुधा वाटलं असेल, नेहमीसारखी चांदी असेल. वर्षानुवर्षं सोनं-चांदी, घड्याळं याच वाटेनं यायची आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना त्यातून चार पैसे मिळायचे. हे बोलताना मला संकोच वाटतो, पण इथं नाही बोलायचं तर कुठे? तस्करीची मळलेली वाट आयती तयार होती, दहशतवादानं ती फक्त भाड्यानं घेतली. जगभर हेच झालंय. अफूची वाट, हुंडीची वाट, माणसं पळवायची वाट. नवी वाट पाडण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

स्फोटांनंतर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झालं. नौदल, तटरक्षक दल, पोलीस, कस्टम यांची एकत्र गस्त. कारगिलनंतर मंत्रिगटाचा अहवाल आला, त्यानं किनाऱ्यांकडे बोट दाखवलं. २००५ मध्ये केंद्रानं सागरी सुरक्षा योजना मंजूर केली. धोरण नव्हतं असं कुणी म्हणू नये. नोव्हेंबर २००८ उजाडला तेव्हा त्या योजनेतलं बरंच काही कागदावर होतं, एवढंच.

२६/११ ची सगळी गोष्ट सांगत बसत नाही. मला त्या रात्रीच्या फक्त दोन निरोपांबद्दल बोलायचंय.

पहिला निरोप न पोचलेला. दहा जण कराचीहून निघाले. वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली आणि शेवटी तिचे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, अमरसिंह सोळंकी यांना मारलं. बोट आपल्या नोंदणीची, आपल्या बनावटीची. लांबून पाहणाऱ्याला संशय कशाचा येणार? मुंबईजवळ ती सोडून ते रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत, बधवार पार्कला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं. पाठीवर मोठाल्या पिशव्या, कपडे चांगले, होडी कोळ्यांची नाही. लोकांनी हटकलंही, उद्धट उत्तर मिळालं. रात्री साडेनऊच्या सुमाराला गोळीबार सुरू झाला. मधे तासाभराचा वेळ होता. त्या आधी दोन वर्षं गुप्तचरांकडून समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना येत होत्या. म्हणजे दिल्लीला धोका ठाऊक होता आणि वस्तीतल्या बाईला ती माणसं ठाऊक होती. या दोन माहित्यांची गाठ पडली नाही.

दुसरा निरोप पोचलेला. कसाब आणि त्याचा साथीदार एक स्कोडा पळवून मलबार हिलच्या दिशेनं निघाले. ही खबर नियंत्रण कक्षानं वायरलेसवर टाकली: गाडी कुठली, रंग कुठला. गिरगाव चौपाटीला नाकाबंदीवर उभ्या असलेल्या शिपायांनी ती ऐकली आणि समोरून येणारी गाडी ओळखली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. कसाब जिवंत सापडला, म्हणून पाकिस्तानला नाकं मुरडत का होईना कबूल करावं लागलं की माणूस आमचाच. ओंबळ्यांच्या शौर्याबद्दल आपण दरवर्षी बोलतो, बोललंच पाहिजे. पण एक साधा वायरलेस मेसेज वेळेत, नेमका आणि योग्य माणसाच्या कानावर पडला होता, हेही त्याच वाक्यात बोलावं असं मला वाटतं.

एनएसजीचे, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, कमांडो जवान दिल्लीजवळ मानेसरला होते, विमान चंदीगडहून आणावं लागलं, मुंबईत यायला पहाट झाली. त्यानंतर मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रं झाली, एनआयए ही राष्ट्रीय तपास संस्था आली, राज्यानं फोर्स वन हे कमांडो पथक उभं केलं. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र मात्र २०१२ मध्ये राज्यांच्या विरोधापुढे अडलं. पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि केंद्राचा माणूस आमच्या हद्दीत परस्पर अटक करणार, हे त्यांना मान्य नव्हतं. माझ्या मते राज्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मसुदा उद्दामपणे लिहिला होता.

आता ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाकडे येतो. दहशतवादी सीमेपलीकडून येतो इतकाच त्याचा अर्थ आपण धरतो. २६/११ चा तपास उलगडत गेला तसा काय नकाशा दिसला बघा. होडीचं इंजिन जपानी कंपनीचं. पाहणी करून गेलेला डेव्हिड हेडली शिकागोत राहणारा अमेरिकन नागरिक. इंटरनेटवरून होणाऱ्या फोनची सेवा अमेरिकेतली, तिचे पैसे इटलीतल्या ब्रेशियाहून भरलेले. रक्कम २२९ डॉलर. एवढ्या पैशात आज चांगली जाळी येत नाहीत. आणि कराचीच्या ज्या खोलीतून दहा जणांना फोनवर हुकूम सुटत होते, त्या खोलीत एक जण आपल्या बीड जिल्ह्यातला होता: गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी, ‘अबू जुंदाल’. फोनच्या ध्वनिमुद्रणात तो ‘प्रशासन’ हा शब्द वापरतो. पाकिस्तानी माणूस ‘इंतजामिया’ वगैरे म्हणाला असता. तो शब्द ऐकून तपास करणाऱ्यांचे कान टवकारले. २०१२ मध्ये सौदी अरेबियानं त्याला आपल्या हवाली केलं. बाहेरचा शत्रू आणि आतला शत्रू अशी दोन खाती करून धोरण लिहिणाऱ्यांनी त्या एका शब्दावर थोडं थांबावं.

संयुक्त राष्ट्रांबद्दल थोडक्यात. दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा भारतानं १९९६ मध्ये मांडला. दहशतवादी कोणाला म्हणायचं यावरच तो अडलेला आहे. १९९९ मध्ये अपहृत विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात कंदाहारला आपण सोडलेल्या मसूद अझरचं, ‘जैश-ए-महंमद’च्या म्होरक्याचं, नाव निर्बंधांच्या यादीत यायला मे २०१९ उजाडावा लागला. त्यापेक्षा पैशाची नाडी आवळणं जास्त चाललं: दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटानं २०१८ ते २०२२ पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे देखरेखीखाली, ठेवलं, तेव्हा तिथली न्यायालयंही हलली. पुढे २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली. मग ७ मेची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही कारवाई झाली, आणि यापुढचा दहशतवादी हल्ला हे युद्धच मानू अशी भूमिका सरकारनं जाहीर केली. या भूमिकेचं वजन मोठं आहे. आता हल्ला कुणी केला हे ठरवणारा पुरावा जास्त चोख लागेल आणि जास्त लवकर लागेल. म्हणजे फिरून गाडी खालच्याच माणसाशी येते: पहिल्यांदा ज्यानं पाहिलं तो.

तो माणूस कसा जगतो? जवळच्या एका बंदरावरच्या तांडेलाशी माझी ओळख आहे. ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात. टोकन घेतल्याशिवाय बोट सुटत नाही. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे मदतीचे नंबर बोटीच्या केबिनमध्ये रंगवलेत. काही वर्षांपूर्वी त्यानं एक अनोळखी बोट पाहिली आणि आल्या आल्या ठाण्यावर जाऊन सांगितलं. ठाण्याचं नाव मी घेत नाही. त्याला चार तास बसवलं. तूच तिथं काय करत होतास, डिझेल कुठलं, खलाशी किती, परप्रांतीय किती. तोवर लिलाव आटोपला, म्हावरं बर्फात पडून राहिलं. बोट कुणाची होती ते त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. “काका,” तो मला म्हणाला, “डोळे सरकारचे आणि दिवस माझा?”

गेल्या हिवाळ्यात त्याला पुन्हा तसं काही दिसलं. या वेळी त्यानं मोबाईलवर फोटो काढला, रेंज आल्यावर आपल्या बोटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. १०९३ ला फोन का नाही केलास, मी विचारलं. तर म्हणे, सागरी पोलिसांतले एक हवालदार आहेत, स्वतः कोळ्याचे, त्यांना ग्रुपमध्ये घेतलंय. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला, अर्ध्या तासात बोट तपासली गेली. गुजरातेतली निघाली, जाळं तुटलं होतं. ते कळवायलाही हवालदारांनी परत फोन केला.

मे महिन्यात त्या हवालदारांची बदली आहे.