चित्रातला माणूस कोण?

रसिकहो, ऐतिहासिक व्यक्तिचित्रांच्या अभ्यासकाचे आयुष्य बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरते: चित्रात दिसणारा माणूस कोण? चेहऱ्यावरून हे क्वचितच ठरते, कारण सतराव्या शतकातील दख्खनी चित्रकार राजपुरुषाला ठरावीक साच्यात बसवीत असत आणि चित्राखालचे नाव पुष्कळदा नंतरच्या कोणा मालकाने लिहिलेले असते.

शिवछत्रपतींचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. विसाव्या शतकाच्या आरंभी इब्राहिमखानाचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते; इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच परंपरेतील चित्र 1933 साली लोकांसमोर आणल्यावर तो समज मागे पडला. आज अभ्यासक अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील विट्सन संग्रह (गोवळकोंड्यात रंगवलेली चित्रे), मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढवून घेतलेली आणि आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेली चित्रे, तसेच व्हॅलेंटाइनच्या 1724 ते 1726 मध्ये छापलेल्या डच ग्रंथातील मुद्राचित्र (पत्र्यावर कोरून छापलेले चित्र) एकमेकांशेजारी ठेवून पाहतात. ती जुळली म्हणजे खरी ठरली, असे मात्र नाही. एकावरून दुसरे उतरवलेले असेल, तर साक्षी कितीही दिसोत, साक्षीदार एकच. महाराज 1677 मध्ये गोवळकोंड्यास गेले होते, त्यामुळे तिथल्या चित्रकाराने त्यांना पाहिले असणे शक्य आहे. माझ्या मते, याच्या पुढे जाण्याची घाई करू नये.

पोशाखाचा पुरावाही जपूनच वापरावा लागतो. मुघल काळातील संकेताप्रमाणे जाम्याचे, म्हणजे लांब अंगरख्याचे, बंद हिंदूंच्या डाव्या आणि मुसलमानांच्या उजव्या काखेत बांधलेले असत; पण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते, आणि कोरणाऱ्याने मूळ चित्र आधीच उलटवून घेतले नसेल तर छापात डावे उजवे होऊन बसते. रंगांची तपासणी याहून निःपक्षपाती असते: प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला, तेव्हा सतराव्या शतकातील म्हणवणाऱ्या चित्रात तो आढळल्यास चित्र नंतरचे तरी आहे किंवा त्यावर पुन्हा रंगकाम तरी झालेले आहे.

आपल्या भागाकडे वळू. धारवाडजवळच्या यादवाड येथील शिल्पात महाराजांची प्रतिमा असून, ती बैलहोंगल तालुक्यातील बेलवडीच्या राणी मल्लम्माने घडवून घेतली, असे परंपरा सांगते. दगडाला रंगाची कसोटी लागू पडत नाही. तेथे कोरणीची शैली, शिल्पाची मूळ जागा आणि स्थानिक कागदपत्रे यांवरच भिस्त ठेवावी लागते. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी येथे व्यक्तिचित्रणाची परंपरा रुजवली. या भागातील जुन्या वाड्यांमध्ये छायाचित्रांवरून रंगवलेली पूर्वजांची तैलचित्रे अजून आहेत. त्यांची नोंद करणे हे नव्या अभ्यासकासाठी उत्तम पहिले काम ठरेल.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांना बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाचे रीतसर शिक्षण मिळते. पगाराच्या जागा मोजक्याच आहेत. लिलावगृहांत पैसा अधिक असतो, पण तिथे चित्राला मोठे नाव मिळाले की किंमत वाढते, म्हणून त्या नावाकडे मी दुप्पट संशयाने पाहतो. कलाशिक्षणाइतकेच भाषांचे महत्त्व आहे. मोडी आणि फारसी शिकावी लागेल, डच येत असल्यास उत्तमच. मराठी आणि कन्नड मात्र सीमाभागातील मुलांना घरबसल्या येतात, आणि देसाई घराण्यांच्या दप्तरांत काम करताना दोन्हींवाचून चालत नाही.