वाटणीची यादी कोणाच्या हाती?

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती मंडळीत नोंदली गेलेली पहिली मोठी कुरकुर जेवणाच्या वाटणीवरून झाली. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय सहावा. यरुशलेमात विधवांना रोज अन्न वाटलं जायचं, आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा सुटू लागल्या. कोणी डाव धरून वगळलं, असं तिथे म्हटलेलं नाही. बहुधा वाटणाऱ्यांना जी दारं ओळखीची, तिथे टोपली आधी पोचायची आणि पुढच्या गल्लीत जाईपर्यंत रिकामी व्हायची. देवळातली, मंडळीतली उपेक्षा बहुतेक अशीच, कोणाच्याही मनात वाईट नसताना होते.

प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्यावर दयेचं प्रवचन केलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. अट अशी की लोकांत नाव चांगलं हवं आणि अंगी शहाणपण हवं. निवडलेली सातही नावं ग्रीक आहेत. त्यांतला नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, अंत्युखियाहून आलेला यहूदीमतानुसारी, म्हणजे यहूदी धर्म स्वीकारलेला होता. म्हणजे तक्रार ज्यांची, वाटप त्यांच्याच माणसांच्या हाती गेलं. माझ्या मते दीनदुबळ्यांविषयी ख्रिस्ती विश्वास काय म्हणतो, ते या नेमणुकीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दहा उपदेशांत दिसत नाही.

आता आपल्या नागपुरात या. डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहा अंशांवर उतरतो आणि मंडळ्या ब्लँकेट वाटायला निघतात. गाडी संध्याकाळी सात वाजता सीताबर्डीला किंवा स्टेशनसमोर उभी राहते, झुंबड उडते, दणकट हात पुढे येतात. एकेकाला तीन ब्लँकेटं मिळतात आणि काठीवर चालणाऱ्या म्हातारीला एकही नाही. शिवाय सात ही वेळच चुकीची. दुकानाच्या पायरीवर झोपणारा माणूस दुकान बंद झाल्यावर तिथे येतो, म्हणजे दहा-साडेदहानंतर. म्हणून दोन रात्री आधी वही घेऊन जा. सोबत त्याच फुटपाथवरचा एखादा माणूस घ्या: चहावाला, सायकलरिक्षावाला, रात्रीचा चौकीदार. कोण कुठे झोपतं हे त्याला पाठ असतं. नाव लिहा, जागा लिहा, हातात चिठ्ठी द्या, आणि वाटायच्या रात्री गाडी दूर ठेवून ब्लँकेट त्या जागेवर नेऊन द्या. शंभरातली दहा बाजूला राखा, कारण यादीत कोणी ना कोणी राहतंच. ब्लँकेट साठ बाय नव्वद इंचांचं घ्या. आखूड घेतलं की डोकं झाकावं तर पाय उघडे. फोटो काढू नका, एवढंच त्याबद्दल.

चर्चच्या आतली गोष्ट याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहून ठेवली आहे. सोन्याची अंगठी घातलेला आला की 'इथे बसा', मळक्या कपड्यांचा आला की 'तू तिथे उभा राहा'. आज असं तोंडाने कोणी म्हणत नाही, पण मे महिन्यात बघा. कूलरसमोरचे बाक मानाच्या कुटुंबांनी धरलेले असतात आणि पंचाहत्तरीची आजी दाराशी, जिथून गरम वारा आत येतो. दार जवळ म्हणून ती स्वतःच तिथे बसते, हेही खरं. तेव्हा कूलरजवळच्या बाकाचं कडेचं टोक मोकळं ठेवायचं आणि तिला हाताला धरून तिथपर्यंत आणण्याचं काम एका ठरावीक माणसाकडे द्यायचं. 'कोणीतरी बघेल' म्हटलं की कोणीच बघत नाही.

विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन अगदी छोट्या नाण्यांची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात आहे. तिचा हिशेब करून पाहू. दोन टोल्या म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या रोजीचा चौसष्टावा भाग. आजची रोजी सोयीसाठी ६४० रुपये धरली तर दहा रुपये, टपरीवरचा एक कट चहा. तेवढंच तिच्याजवळ होतं आणि तेवढं तिने मंदिराच्या दानपेटीत टाकलं. वर्गणीच्या रविवारी हा उतारा हमखास वाचला जातो, पण त्याच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडपतो, ते वाचायचं राहून जातं. गरीब बाईकडून आणखी काढायला हा उतारा वापरणं म्हणजे त्याचा उलटा अर्थ लावणं. दानासाठी उघडी थाळी नको, तोंड झाकलेली थैली फिरवा. देणगीदारांची नावं रकमेसकट वाचू नका. आणि दहा रुपये टाकणारीच्या घरी गॅसची टाकी भरलेली आहे का, ते खजिनदाराने एकदा विचारावं.

मोठं काम अशा माणसांच्या हातून करून घेता येतं, हे पंडिता रमाबाईंनी दाखवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात हिंडल्या, उपाशी मुली आणि विधवा घेऊन गेल्या आणि पुढे केडगावला त्यांना वसवलं. त्यांना नुसतं जेवायला घातलं नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात बायकांनी जुळवलं आणि छापलं. छपाईच्या खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते उलटं वाचत ओळ बसवायची, पान छापून झालं की खिळे सोडून पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. एक खिळा भलत्या घरात पडला की पुढच्या पानात चूक ठरलेली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. ज्यांना गावाने टाकलं होतं त्यांच्या बोटांतून ते आलं.

शेवटी मजुरीचं. मजुराची रोजी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय सांगतो. नाताळाचा मांडव, रंगकाम, विजेच्या माळा यांसाठी आपण ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात तिथून, माणसं आणतो. दिवसभर काम होतं आणि संध्याकाळी ऐकू येतं, 'चेकवर दुसरी सही राहिली, परवा ये.' परवाही सही करणारा गावाला गेलेला असतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच दोन दिवसांच्या रोजीइतकी रोकड कमिटीच्या ठरावाने काढून ठेवा. पावतीवर सही किंवा अंगठा घ्या, आणि रक्कम त्याला मोजून वाचून दाखवा. शंभर-पन्नासच्या नोटा द्या. पाचशेची नोट दिली की किराणावाला सुटे नाहीत म्हणतो, आणि घरी तांदूळ उशिरा पोचतो. नमस्कार.