केडगावच्या प्रार्थनेतल्या बायका

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलात की दौंडच्या आधी केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभं केलेलं ख्रिस्ती मुक्ती मिशन ते हेच. इथल्या बायकांच्या प्रार्थनेची गोष्ट सांगायचीये, पण आधी भुकेबद्दल बोलावं लागेल कारण सगळं सुरू झालं तिथून.

पंडिता रमाबाई 16 वर्षांच्या होत्या तेव्हा दुष्काळात त्यांचे आईवडील काही महिन्यांच्या अंतराने गेले, पोटात अन्न नाही म्हणून. त्यामुळे 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा पुण्यातली शारदासदन ही विधवांची शाळा सांभाळत गप्प बसणं त्यांना जमलंच नाही, त्या उठल्या आणि तिकडं गेल्या. बरगड्या मोजाव्यात अशा पोरी, कुणी विधवा, कुणी अनाथ, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली वाईट माणसं, हे सगळं त्यांनी बघितलं. जवळपास 300 जणींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात एवढ्या पोरी ठेवता येईनात, मग केडगावच्या शेतावर तात्पुरता निवारा उभा केला. 1898 ला तिथंच 'मुक्ती' सुरू झालं.

आता 1905. जानेवारीत रमाबाईंनी पोरींना विचारलं, रोज माझ्यासोबत प्रार्थनेला कोण येणार? 70 जणी आल्या. जूनपर्यंत 550 झाल्या, रोज दोनदा जमायच्या. जरा डोळ्यासमोर आणा, जमिनीवर बसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सगळ्या एकाच वेळी मोठ्यानं देवाशी बोलतायत, कुणी रडतंय, कुणी गातंय. मला भिडतं ते हे की जिच्यासाठी आजवर कुणी काही मागितलं नव्हतं, ती आता दुसरीसाठी मागत होती. पुढं यातल्याच बायका गट करून आसपासच्या गावांतही जायला लागल्या.

पण नुसती प्रार्थना करून उठल्या असं नव्हतं हं. शेत होतं, माग होते, तेलाचा घाणा होता. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकल्या होत्या, त्यांनी आंधळ्या बायकांना वाचायला शिकवलं, टोपल्या विणायला शिकवलं. जिला गावानं ओझं म्हटलं असेल तिच्या हातात कामही आलं आणि पुस्तकही.

आणि छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणत होत्या, का तर न शिकलेल्या बाईलाही ऐकून कळलं पाहिजे. ते छापायचं काम इथल्याच बायकांनी केलं. दुष्काळानं ज्यांना इथं आणलं त्याच मुक्तीतल्या बाया खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, पेटीसमोर उभ्या, बोटांना शाई, काना, मात्रा, वेलांटी एकेक उचलून ओळ जुळवायची, चुकली की परत काढायची, पुन्हा लावायची. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. पुस्तक 1924 ला बाहेर आलं.