रेम्ब्रांटचा हात कुठे गेला?

श्रोतेहो, नमस्कार. आज एका चित्राविषयी बोलायचंय, आणि चित्र काही रेडिओवरून दाखवता येत नाही. तेव्हा जरा डोळे मिटूनच ऐका.

समोर एक म्हातारा उभा आहे. डोक्यावर पांढरी टोपी, सुजरे गाल, नाकाचा शेंडा लालसर. मागे भिंतीवर दोन मोठ्या वर्तुळांच्या कमानी. हा डच चित्रकार रेम्ब्रांट, साठीच्या आसपासचा, त्याने स्वतःच रंगवलेला. चित्र लंडनच्या केनवुड हाऊसमध्ये आहे.

१६५६ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. १६६३ मध्ये त्याची जोडीदार हेंड्रिक्ये गेली. हे ठाऊक असलं की आपण लगेच त्या चेहऱ्यात दुःख शोधू लागतो. मीही शोधलं. पण खरं सांगू, चेहऱ्यावरून नजर जरा खाली आणा. हात कुठे आहे? रंगपाटी, कुंचले आणि ते धरणारा हात, सगळं चार-दोन फटकाऱ्यांत उरकलंय. बोटं कुठे संपतात नि कुंचले कुठे सुरू होतात, कळत नाही. टोपीही तशीच, जाड पांढऱ्या रंगाचे झरझर ओढलेले पट्टे. मिशी तर ओल्या रंगात कुंचल्याच्या दांडीने ओरखडून काढलेली! नजर मात्र सावकाश, थरावर थर देत रंगवलेली.

त्या वर्तुळांवर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. कुणी म्हणतं जगाचा नकाशा, कुणी म्हणतं हातानं अचूक गोल काढायचं कसब. असेल. मला त्यांत फारसा रस नाही.

मला ओढ आहे ती हातांची. लंडनच्याच नॅशनल गॅलरीत त्याचं १६६९ सालचं आत्मचित्र आहे. त्यात हात नुसते एकमेकांत गुंफलेले. पण क्ष-किरणांत दिसलं की आधी त्या हातात कुंचला होता, तो त्याने नंतर रंगाखाली बुजवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला.

थकला होता म्हणून कुंचला खाली ठेवला, असं म्हणायचा मोह होतो. पण श्रोतेहो, ते रिकामे हात रंगवतानाही कुंचला त्याच्याच हातात होता ना!