नंबर कोणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो. बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक छोटंसं काम सांगते. बसल्या जागी घरातले सगळे मोबाईल मनातल्या मनात मोजा. आजीचा बटणांचा, आईचा, बाबांचा, अकरावीतल्या मुलाचा. मोजलेत? आता प्रत्येक फोनपुढे एक नाव घाला. फोन ज्याच्या हातात असतो त्याचं नको. सिमकार्ड घेताना दुकानात ज्याचा आधार दाखवला होता, त्याचं नाव घाला.

अडखळलात ना? मी आमच्या वाड्यावर चार-पाच घरांत हेच विचारलं, तर सगळीच अडखळली. आजीचा नंबर मोठ्या मुलाच्या नावावर. सुनेचा नंबर माहेरच्या भावाच्या नावावर, कारण लग्नाआधी त्यानेच घेऊन दिला होता. एका घरात तर नंबर वारलेल्या आजोबांच्या नावावर होता आणि वापरत होता नातू. हातात एकाच्या, नावावर दुसऱ्याच्या. मला आज एवढंच सांगायचं आहे, पण ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मोबाईल हातात असणं वेगळं आणि नावावर असणं वेगळं.

माझी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि भोकांत खुपसायच्या दोऱ्या. मुंबईला बोलायचं तर आधी ट्रंक कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन प्रकार. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्येच बोलायचो, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचंय?’ त्या काळी फोन कोणाचा हा प्रश्नच नव्हता. फोन भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा, नाहीतर दुकानदाराचा. गावातले बाकीचे लोक त्यांच्या ओसरीवर उभे राहून बोलायचे.

देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा फोन लावणाऱ्याला पैसे पडायचे आणि घेणाऱ्यालाही पडायचे. येणारा फोन फुकट झाला २००३ मध्ये, आणि मग मोबाईल आमच्या तुमच्या घरात आले. २०१६ च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि ते मुलांच्या हातात गेले.

आपलं गोवा या बाबतीत पुढे आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल आहे का? देशभरात १०० पैकी ५४ जणी हो म्हणाल्या. गोव्यात ९१. पण नीट ऐका, प्रश्न ‘स्वतः वापरता का’ असा होता, ‘तुमच्या नावावर आहे का’ असा नव्हता. आणि तो १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारला होता. पन्नाशी ओलांडलेली बाई त्या आकड्यात नाहीच. माझी मावशी ७८ वर्षांची आहे. तीही नाही.

आता मावशीचीच गोष्ट सांगते.

मावशी राहते सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. मुलगा बोटीवर. आठ-नऊ महिने समुद्रात, दोन-तीन महिने घरी. त्यानेच तिला बटणांचा, टॉर्चवाला फोन घेऊन दिला. सिम अर्थातच त्याच्या नावावर. रीचार्जही तोच भरायचा, जिथे असेल तिथून. त्या एका नंबरावर मावशीचं सगळं आयुष्य लागलेलं. बँकेत तोच नंबर, गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच नंबरावर, गॅसच्या पुस्तकात तोच नंबर.

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीत मावशी परसात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि मुलीने तिला बेळगावला नेलं. गडबडीत फोन राहिला घरी, फडताळात. भाचरं, दीर, नणंदा, सगळे मुलीच्या फोनवर मावशीची चौकशी करायचे. मुलगा समुद्रात. आई बेळगावला आहे म्हटल्यावर रीचार्ज त्याच्याही डोक्यात राहिला नाही. मुदत संपल्याचे मेसेज आलेही असतील, पण ते आले फडताळातल्या बंद फोनवर.

मावशी घरी परतली ती चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. चवथ आपल्या घरातच करायची, असा हट्ट. मी मदतीला गेले होते. तिने फडताळातून फोन काढला, चार्जिंगला लावला, बटण दाबलं. टॉर्च पेटला. ‘पळय गो, उजवाड पडटा,’ म्हणाली. टॉर्च पेटतो म्हणजे फोन चालतो, असा तिचा हिशोब. मीही निर्धास्त झाले.

चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी दारात सिलिंडरची गाडी आली. चुलीवर नेवऱ्यांचं पुरण शिजत होतं आणि तळायला गॅस हवा होता. बुकिंग मीच एजन्सीत जाऊन केलेलं. सिलिंडरवाल्याने सिलिंडर उतरवला आणि म्हणाला, ‘आजी, कोड सांगा.’ चार आकडी कोड, नोंदवलेल्या नंबरावर येतो तो. मावशीने फोन पुढे केला. मेसेज नाही. तो म्हणाला, कोड नसेल तर मला सिलिंडर देता येत नाही, मला परत न्यावा लागेल. गाडीचं इंजिन चालूच होतं.

फोन बिघडला की काय बघावं म्हणून मी माझ्या फोनवरून मावशीचा नंबर लावला. श्रोतेहो, माझ्या कानात रिंग वाजत होती. मावशीच्या हातातला फोन गप्प.

आणि मग पलीकडून कोणीतरी फोन उचलला. एका मुलाचा आवाज. ‘हॅलो, कोण बोलतंय?’

मी म्हटलं, ‘अरे, तू कोण? हा माझ्या मावशीचा नंबर आहे.’

‘नाही काकू, माझा आहे. जुलैमध्ये घेतला. अठरा पूर्ण झाली ना, स्वतःच्या नावावर घेतलाय. तुम्ही गोव्याहून का?’

‘तुला कसं कळलं?’

‘आठवडाभर गोव्याहूनच फोन येतायत. कालच एक आजोबा विचारत होते, मावशे, कांगलां हाडलीं? मला कळलंच नाही काय आणायचं ते.’

कांगलां म्हणजे माटोळीला, गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधायची रानफळं, हे जालन्याच्या मुलाला कुठून कळणार? (जाता जाता बोलते. माटोळीचं सगळं सामान आता बाजारातून टोपलीने विकत आणायची सवय लागली आहे, ते मला बघवत नाही. एक तरी फळ मुलांना रानात नेऊन त्यांच्या हातांनी काढायला लावा. झाड ओळखलं नाही तर फळाचं नाव किती दिवस टिकेल?)

तर मुलगा जालन्याचा. महाराष्ट्र आणि गोवा, मुंबई वगळून, मोबाईलसाठी एकाच सर्कलमध्ये येतात. बंद पडलेला नंबर कंपनी ठरावीक मुदत थांबून दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. मावशीचा नंबर असा सत्तरीतून जालन्याला गेला होता, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

मी त्याला म्हटलं, ‘बाळा, गॅसचा मेसेज आलाय का तुला?’

‘आलाय ना, सकाळीच.’

‘त्यातला कोड सांग.’

तो थांबला. मग म्हणाला, ‘काकू, राग मानू नका. कोड कोणाला सांगायचा नाही, असं आम्हाला कॉलेजात सांगितलंय.’

श्रोतेहो, दारात सिलिंडर, चुलीवर पुरण, आणि तरीही त्या क्षणी मला त्या मुलाचं कौतुक वाटलं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, अगदी बरोबर. तर तोच म्हणाला, ‘गॅसवाल्या दादांना फोन द्या.’ मी दिला. त्याने विचारलं, ‘दादा, तुमच्या एजन्सीचं नाव काय?’ सिलिंडरवाल्याने सांगितलं. मेसेजमध्ये तेच नाव होतं. मग त्याने कोड वाचला, एकेक आकडा सुटा, दोनदा. आम्ही ऑपरेटर आकडे सांगायचो तस्साच.

सिलिंडर आत आला. मी फोन ठेवणार इतक्यात तो म्हणाला, ‘काकू, अजून एक. दर महिन्याला बँकेचे मेसेज येतात. पैसे जमा झाल्याचे. कोणाचे ते कळत नव्हतं, पण मी पुसले नाहीत. ठेवलेत.’

माझे हातपाय गार पडले. बँकेचे मेसेज येतात म्हणजे ओटीपीही तिथेच येणार. मुलगा सज्जन होता म्हणून. नसता तर?

चवथ पार पडली, गणपती पोहोचवले आणि आम्ही आधी बँक गाठली. जुना नंबर काढून टाकायला अर्ज दिला. नवा नंबर घ्यायला वाळपईच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आजीच्या नावावर कशाला? काकू, तुमच्याच नावावर घाला, लगेच होईल.’ त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. सगळीकडे असंच म्हणतात, आणि म्हणूनच म्हाताऱ्या माणसांचे नंबर दुसऱ्यांच्या नावावर जातात. लगेच होतं म्हणून. मी हो म्हणणारही होते. मावशी काठी टेकून उठली आणि म्हणाली, ‘ना. माझ्या नावार जाय.’

मग तिची बोटं यंत्रावर ठेवली. अंगठा लागेना. दुसरं बोट, तिसरं बोट, लागेना. मी तिचा हात हातात घेऊन उजेडात बघितला. सगळा जन्म काजूच्या बिया भाजून फोडल्या. त्या बियांच्या तेलाने बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, रेषा म्हणून उरलेली नाही. शेवटी आधारकार्ड आणि समोर बसवून काढलेला फोटो, असा अर्ज भरला. पाऊण तास गेला. ७८ व्या वर्षी पहिल्यांदा मावशीच्या नावावर फोन झाला.

माझी वेळ संपत आली, म्हणून कामाचं पटकन सांगते. म्हाताऱ्या आईवडिलांचा नंबर तुमच्या नावावर असेल, तर कंपनीच्या दुकानात दोघांनी जाऊन, दोघांची कागदपत्रं दाखवून तो त्यांच्या नावावर करून घेता येतो. तुमच्या नावावर एकूण किती नंबर आहेत, ते दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर बघता येतं. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त चालत नाहीत. तुम्ही घेतलेला नसलेला नंबर तिथे दिसला, तर तिथेच कळवा. आणि बंद करायच्या नंबराच्या बाबतीत उलटा क्रम धरा: आधी बँक, गॅस, आधार इथला नंबर बदलायचा, आणि मगच सिम बंद करायचं. पुन्हा सांगते. आधी बँक, मग सिम. पैसे गेलेच, तर क्षणभर न थांबता १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा नंबर आहे.

मुलांचं म्हणाल, तर अठरा पूर्ण झाल्याशिवाय सिम नावावर मिळत नाही. म्हणजे शाळकरी मुलाचा फोन कायद्याने तुमचा आहे. त्यावरून काही भलतं झालं तर पहिलं नाव तुमचं निघतं. हे मुलाला रागावून सांगू नका, जवळ बसवून सांगा. आणि अठरा पूर्ण झाली की त्याला दुकानात घेऊन जा आणि नंबर त्याच्या नावावर करा. त्या जालन्याच्या मुलाच्या आवाजात ‘स्वतःच्या नावावर घेतलाय’ म्हणताना जो आनंद होता, तो मी ऐकला आहे. आणि कृपा करून घरात, फोनच्या चार्जरपाशी, एक वही ठेवा. हाताने लिहिलेले दहा नंबर. आमच्या वेळी शंभर-शंभर नंबर तोंडपाठ असायचे. आज मुलांना आईचा नंबर येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मावशीलाही एकच मोबाईल नंबर पाठ आहे. तिचा स्वतःचा जुना. तो परत मिळावा म्हणून मी त्या मुलाशी बोलणार होते, पण त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच नंबरावर भरला होता, आणि मावशी म्हणाली, असू दे, आता तो त्याचा.

पण तो नंबर ती अजून लावते. संध्याकाळी दिवा लावून झाला की पायरीवर बसते, चश्मा न घालता बोटांनी चाचपत बटणं दाबते. पलीकडून जालन्याहून ‘आजी, बोला’ असं आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘जेवलो मरे?’ आता त्याला त्याचा अर्थ कळतो.