परतीचे तिकीट

पहाटे तंबोऱ्याच्या षड्जावर व्हायोलिनची एक सुरावट उमटे आणि मग ‘आकाशवाणी’ हा शब्द कानी पडे. त्या सुरांवर बंब पेटवणाऱ्या, शाळेचे डबे भरणाऱ्या घरांतून आपल्यापैकी बरेच जण आले असतील. शिवरंजनीची छाया असलेल्या या सुरावटीचे श्रेय सामान्यतः ज्यांना दिले जाते ते वॉल्टर काउफमन ज्यू निर्वासित होते, हे मात्र मला स्वतःला फार उशिरा कळले.

काउफमन यांचा जन्म १९०७ सालचा, बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) कार्ल्सबाडचा. बर्लिनमध्ये संगीतरचना शिकून ते प्राग येथे संगीतशास्त्राच्या अभ्यासाला गेले. परंतु आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचे स्थानिक पुढारी आहेत असे समजताच त्यांनी हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट नाकारली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९३३ नंतर जर्मनीतील संगीताची दारे ज्यूंना बंद झाली. मुंबईच निवडण्याचे कारण अगदी साधे होते. हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत होता!

१९३४ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले तेव्हा परतीचे तिकीट त्यांच्यापाशी होते. इथल्या संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका त्यांनी ऐकल्या, त्या त्यांना सर्वस्वी परक्या वाटल्या. मात्र लाखो माणसांना जे संगीत प्रिय आहे ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपलीच, असा कौल त्यांनी स्वतःविरुद्ध दिला आणि ते राहिले. काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली. तिच्या मैफली दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात होत, त्यांत मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत, आणि मे १९३७ पर्यंत अशा १३६ मैफली झाल्या होत्या. त्याच वर्षी ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले.

आश्रयालाही अटी असतात. १९३९ मध्ये युद्ध पेटताच नाझींपासून पळून आलेल्या कित्येक जर्मन ज्यूंना ब्रिटिश सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगरला स्थानबद्ध केले. बहुतेकांची चौकशीअंती सुटका झाली, तरी पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीतही पुढे काही ज्यू कुटुंबे होती. काउफमन चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक होते. तेवढ्या एका कागदाने त्यांना वाचवले, असे मला वाटते. कार्ल्सबाड तर १९३८ मध्येच हिटलरने गिळंकृत केले होते, तेव्हा परतीच्या तिकिटाला अर्थ उरलाच नव्हता.

त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. तिची आई एली हिला १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधील वुच येथील घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, पाठवण्यात आले. काफ्कांच्या तिन्ही बहिणींपैकी एकही परतली नाही.

१९४६ मध्ये काउफमन इंग्लंडला गेले, तिथून कॅनडाला आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ मध्ये तिथेच सिद्ध झाला. ज्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांना एकेकाळी बुचकळ्यात टाकले होते, त्यांतले संगीत ते आता एकेक राग घेऊन, स्वरलिपीत मांडून अमेरिकन विद्यार्थ्यांना समजावीत होते.